समुद्र नसलेल्यांनी बुडू नये

राज्य सरकारचा २००६ सालचा एक शासन निर्णय आहे. समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजी स्थानिक संस्थांनी घ्यावी, जीवरक्षक नेमावेत, धोक्याच्या जागी फलक लावावेत, असा त्याचा मतलब. निर्णय चांगला आहे, आणि हिंगोली जिल्ह्याने तो शंभर टक्के पाळला आहे. जीवरक्षक नसलेला एकही समुद्रकिनारा आपल्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. अशी निर्दोष अंमलबजावणी रायगडला जमली नाही, रत्नागिरीला जमली नाही, खुद्द मुंबईला जमली नाही. समुद्र नसल्याचे असेही काही फायदे असतात.

हिंगोलीच्या बसस्थानकातून निघून खारट पाण्यात पाय बुडवायचा तर पाचशे किलोमीटरच्या वर धक्के खावे लागतात. पाणी मात्र इथेही कमी नाही. कयाधू शहराला खेटून वाहते, नर्सी नामदेवला वळसा घालते. पूर्णा औंढा आणि वसमतच्या अंगाने जाते, तिच्यावर सिद्धेश्वर धरण. पैनगंगेवर इसापूर: भिंत यवतमाळच्या हद्दीत, पण पाणी कळमनुरीच्या दारात. त्याशिवाय विहिरी, शेततळी, गावतलाव, कोल्हापुरी बंधारे, वीटभट्टीवाल्यांनी माती काढून सोडलेल्या खदानी आणि वाळूवाल्यांनी नदीच्या पोटात करून ठेवलेले डोह. हा सगळा आपला किनारा. तिथे भेळेची गाडी नाही, घोडागाडी नाही, सूर्यास्त बघायला कुणी गाडी काढून जात नाही. म्हणून तिथे कुणी बुडू शकते, हे शासन निर्णयाला सुचले नाही.

दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग नावाचे खाते दरवर्षी अपघाती मृत्यूंचा ताळेबंद छापते. त्यात बुडून मेलेल्यांचा आकडा देशभरात वर्षाला पस्तीस हजारांच्या पुढे असतो. २०२२ च्या ताळेबंदात पहिला नंबर मध्य प्रदेशाचा. ज्या राज्याला समुद्राचा एक थेंब लागलेला नाही, ते बुडण्यात पहिले! दुसरा नंबर आपल्या महाराष्ट्राचा. आता महाराष्ट्राला सातशे किलोमीटरच्या वर किनारा आहे, तेव्हा हे सगळे तिकडेच बुडत असतील, असे मंत्रालयातल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. मंत्रालयाच्या वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो. कयाधू दिसत नाही.

बरे, किनाऱ्यावर तरी कोण बुडते? १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला १४ विद्यार्थी बुडाले, ते पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाचे. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीला आठ विद्यार्थी बुडाले, ते बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. कोळ्याचे पोर क्वचितच बुडते. त्याला भरती-ओहोटी तिथीवरून कळते, आणि जिथे लाट फुटत नाही, पाणी शांत दिसते, तिथेच ते आत ओढते, हेही कळते. बुडतो तो घाटावरचा. ज्याने आयुष्यात पाणी पाहिले ते टँकरचे, तो सहलीला जातो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि मित्रांच्या आग्रहाखातर कमरेपर्यंत जातो. म्हणजे जीवरक्षक नेमायचा कोकणातल्या ग्रामपंचायतीने, आणि त्याच्यासाठी न पोहणारी गिऱ्हाइके पुरवायची आपण. कोकणातल्या सरपंचांनी एकदा आपल्याला बिल पाठवायला हरकत नाही.

मुरूडनंतर उच्च न्यायालयाने सरकारला २००६ च्या निर्णयाचे काय झाले, असे विचारले. दहा वर्षांनी. सरकारी निर्णयाचे काय झाले हे विचारायला आपल्याकडे न्यायालय लागते आणि न्यायालयाला विचारायला प्रेते लागतात, असा एक क्रम ठरून गेला आहे.

आता शेजारी गोव्याकडे बघा. तिथे २००८ पासून पर्यटन खात्याने किनारे एका खासगी कंपनीच्या हवाली केले आहेत. लाल-पिवळे झेंडे, मनोरे, जेट-स्की, गणवेशातली पोरे-पोरी. २०२३ मध्ये तर कंपनीने ‘ऑरस’ नावाचा एक यंत्रमानवही आणला, वाळूवर फिरून लोकांना सावध करायला, आणि पाण्यावर नजर ठेवायला संगणकाची ‘ट्रायटन’ नावाची प्रणाली. त्या जीवरक्षकांनाही पगारासाठी संप करावे लागले, ही गोष्ट जाहिरातीत नसते. तरी यंत्रणा आहे, हे मान्य करू. का आहे? कारण गोव्यात पर्यटक बुडाला तर हॉटेल बुडते. २०२५ मध्ये आपल्याही श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ नावाचा डेन्मार्कचा निळा झेंडा मिळाला. त्या झेंड्याच्या अटींत किनाऱ्यावरची सुरक्षाही आली. वीस वर्षे शासन निर्णयाला जे करून घेता आले नाही, ते एका परदेशी झेंड्याने करून घेतले. तेव्हा सिद्धेश्वरला निळा झेंडा मिळतो का, याची चौकशी करावी. तूर्त तिथे एक फलक आहे तेवढे पुरे, असे पाटबंधारे खात्याचे मत दिसते.

फलक हा या सगळ्या प्रकरणातला नायक आहे. ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ खाली खात्याचे नाव, बाजूला कवटी, कवटीच्या कपाळावर कुणीतरी बदाम काढून त्यात दोन अक्षरे कोरलेली. हा फलक आजवर कुणाला पाण्यात पडताना धरून ठेवू शकलेला नाही, पण चौकशीत तो फार उपयोगी पडतो. ‘सदर ठिकाणी फलक लावण्यात आलेला होता,’ या एका वाक्यावर कार्यकारी अभियंता तरतो. म्हणजे फलकही एक प्रकारचा जीवरक्षकच म्हणायचा. कुणाचा जीव, एवढाच काय तो फरक.

ही अक्कल फक्त आपल्याकडे आहे असे समजून उगाच फुगू नका. अमेरिकेतल्या मायामी बीच शहरात १९९७ च्या फेब्रुवारीत एक बाई लाटांच्या ओढीत सापडली. झॅकरी ब्रो नावाचा जॅझ गिटारवादक तिथे सुट्टीवर आला होता. त्याने तिला वाचवायला उडी मारली. दोघेही गेले. त्या जागी जीवरक्षक नव्हता. शहराने खुर्च्या-छत्र्या भाड्याने द्यायचा ठेका मात्र दिलेला होता. खटला आठ वर्षे चालला. शहराचे म्हणणे, जीवरक्षक किती आणि कुठे ठेवायचे हा आमचा धोरणाचा प्रश्न. २००५ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते खरे असेल, पण लोकांना पोहायला बोलावून पोहण्याची जागा तुम्ही चालवत असाल, तर तिथल्या धोक्यापासून त्यांना जपण्याची किंवा निदान सावध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

निकाल उत्तम. पण कुठल्याही नगरपालिकेतल्या हुशार बाबूने तो वाचला तर त्यातून तो काय शिकेल? पोहण्याची जागा चालवायचीच नाही. खुर्ची ठेवू नका, दिवा लावू नका, पायऱ्या बांधू नका, दोर टांगू नका. दोर टांगला की ती जागा तुमची झाली. काही केले नाही तर ती जागा देवाची. आपल्याकडचे सगळे पाणवठे असे देवाच्या नावावर आहेत. सातबारा बघायला कुणी जात नाही.

फलकाच्या वरचा उपाय म्हणजे मनाई आदेश. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दोन दिवसांत पुणे जिल्ह्यातले धबधबे आणि धरणांचे काठ आदेशाने बंद. पूर्वी कलम १४४ लावत, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत त्याचा नंबर १६३ झाला. कलम बदलले, पाणी तेच. पुण्याच्या पर्यटकाला घरी बसवणे आदेशाने जमेलही. पण आपल्याकडची बाई धुण्याची बादली घेऊन नदीवर जाते, गडी मोटार चालू होत नाही म्हणून विहिरीत उतरतो, पोरगे म्हशीच्या शेपटीला धरून डोहात जाते. त्यांना कुठल्या कलमाखाली घरी बसवणार? त्यांचे पाणी मौजेचे नाही, कामाचे आहे.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीने मनावर घेतलेच आणि जीवरक्षक नेमायचे ठरवले. पैसे कुठून आणायचे? वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेला. ‘पाणी’ बघून सरपंचाला आशा वाटेल. ग्रामपंचायत अधिकारी समजावून सांगेल: “भाऊ, पाणी म्हणजे पिण्याचं. पाण्यात माणूस असला तर त्याचं हेड वेगळं.” ते हेड कोणते हे त्यालाही ठाऊक नसते, पण आवाज इतका ठाम असतो की सरपंच ऐकतो. मग मानधनावर एक पद निघते. जाहिरात अशी येईल: उमेदवार किमान बारावी उत्तीर्ण असावा. एमएस-सीआयटी अनिवार्य. जातवैधता प्रमाणपत्र, अधिवास, मराठी टंकलेखन ३० शब्द प्रतिमिनिट. पोहता येत असल्यास प्राधान्य. नियुक्ती ११ महिन्यांची, पावसाळ्याचे चार महिने खंड. गणवेश स्वखर्चाने, पाण्यात उतरायचे झाल्यास वरिष्ठांची पूर्वपरवानगी. आणि निवड यादीत पहिले नाव आमदारांच्या मावसभावाचे, ज्याला पाण्याची ॲलर्जी आहे.

हसू नका. जीवरक्षक आपल्याकडे खरोखर नेमला जातो. वर्षातून एकदा, गणपती विसर्जनाला. हिंगोलीत चिंतामणीच्या नवसाच्या मोदकासाठी अनंत चतुर्दशीला रांगा लागतात, लाखांत माणसे येतात, आणि त्याच दिवशी राज्यभर नद्या-तलावांच्या काठी नगरपालिकांचे दिवे लागतात, बांबूचे कठडे उभे राहतात, दोर-टायर येतात, पट्टीचे पोहणारे तैनात होतात, रुग्णवाहिका येते, नायब तहसीलदार खुर्चीत बसतो. एका दिवसासाठी आपला पाणवठा गोव्याला लाजवतो. जी मूर्ती बुडवायलाच आणली तिच्यासाठी एवढी तयारी! दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला बांबू काढून नेतो. त्या सकाळी गुडघाभर चिखलात मूर्तींचे पाट, नारळ आणि पाचदहाची नाणी वेचायला पोरे उतरतात. तेव्हा काठावर कुणीच नसते.

पट्टीचे पोहणारे. आपल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी शेकडो वेळा छापून येणारी ही माणसे कोण, हे एकदाही छापून येत नाही. ‘पट्टीच्या पोहणाऱ्यांनी दोन तासांच्या प्रयत्नांनंतर मृतदेह बाहेर काढला.’ गावातले भोई, मासेमारी करणारे, कधी एखादा शिकवणीचा मास्तर. गळ टाकतात, बुड्या मारतात, वर येऊन पाणी थुंकतात, पुन्हा जातात. त्यांना बोलवायला पोलीसपाटील स्वतः मोटारसायकल घेऊन जातो. प्रेत निघाले की पंचनाम्यात त्यांचा उल्लेख ‘स्थानिकांच्या मदतीने’ एवढाच. मानधन नाही, विमा नाही, चहा दिला तर त्या तलाठ्याचा मोठेपणा. खरे जीवरक्षक हेच, फक्त त्यांना बोलावणे नेहमी एक तास उशिरा जाते. माणूस पाण्याखाली चार-सहा मिनिटे राहिला की मेंदू हात वर करतो. त्या चार-सहा मिनिटांत आपली यंत्रणा कुठवर आलेली असते? ज्याने पाहिले तो अजून “अरे धावा रे” म्हणत बांधावरून पळत असतो.

सरकारी पथके आहेत, नाही असे नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. राज्याच्या दलाच्या तुकड्यांचा मुक्काम धुळे आणि नागपूर. दोन्हीकडून हिंगोली म्हणजे अर्धा दिवस. गंमत अशी की या दलातले जवान राज्य राखीव पोलीस दलातून घेतात, आणि राखीव पोलिसांचा गट क्रमांक १२ इथे हिंगोलीतच आहे. म्हणजे माणसे आपल्या वेशीत, बोटी नागपुरात. आणि पथक आले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. मे २०२४ मध्ये उजनीत बोट उलटून सहा जण गेले. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला राज्य दलाची बोट उतरली, ती भोवऱ्यात उलटली आणि धुळ्याहून आलेले तीन जवानच गेले. प्रशिक्षित, गणवेशातले, सरकारी पगारातले. पाणी ओळखपत्र बघत नाही. तेव्हा आपल्या गावातला बिनविम्याचा भोई कोणत्या हिमतीवर उडी मारतो, याचा विचार कुणी करावा.

आता एक गोष्ट सांगायची आहे, तिच्यात तिरकस काही सुचत नाही. ४ एप्रिल २०२५. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बाया ट्रॅक्टरवर बसून कामाला निघाल्या. नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी बुडाल्या. या काही पर्यटक नव्हत्या, सेल्फी काढत नव्हत्या, कुठलाही फलक त्यांनी ओलांडला नव्हता. दिवसाच्या रोजासाठी निघाल्या होत्या. राज्याने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. ती रक्कम हातात पडायला किती कागद लागतात, हे त्या घरांना विचारावे.

मदत जाहीर करण्यात मात्र आपले राज्य कधी कमी पडलेले नाही. शेतकरी पाण्यात बुडून मेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत दोन लाख. पुराच्या पाण्यात गेला तर आपत्तीच्या निकषात चार लाख. नुसता आंघोळीला गेला आणि पाय घसरला, तर पूर होता की नव्हता यावर चर्चा. तलाठी विचारतो, नदी त्या दिवशी दुथडी होती का? एकाच डोहात, एकाच खोलीवर, बुडणाऱ्याने कोणत्या योजनेत बुडावे हे आधी ठरवून घेतलेले बरे. विहिरीच्या काठाला बांधायला एक नायलॉनचा दोर लागतो, गाठी मारलेला, आणि पंक्चरवाल्याकडची ट्रॅक्टरची जुनी ट्यूब. सगळे मिळून चारशे-पाचशे रुपये. पण या खर्चाला लेखाशीर्ष नाही. दोन लाखांना आहे.

शेततळ्यांचे तर बोलूच नका. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’. दुष्काळी मुलखाला वरदान, यात वाद नाही. हळदीला पाणी मिळाले, वसमतची हळद भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचली, हे सगळे खरे. पण तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. मोठे तळे तीस मीटर लांब, तितकेच रुंद, तीन मीटर खोल, चारी बाजू उताराच्या आणि वर कागदावर शेवाळ. त्यात पडलेले कुत्रेसुद्धा वर येऊ शकत नाही. नखे फिरतात आणि ते पुन्हा खाली जाते. पट्टीचा पोहणाराही अर्ध्या तासात थकतो, कारण धरायला काही नाही. अनुदानाच्या वेळी कृषी सहायक येतो, मोजमाप घेतो, शेतकऱ्याला तळ्याच्या काठी उभे करून फोटो काढतो, अक्षांश-रेखांशासकट. त्या फोटोत एक लोंबता दोर दिसलाच पाहिजे, नाहीतर शेवटचा हप्ता नाही, एवढी अट घातली तर? एका ओळीचे परिपत्रक. जीवरक्षक नको, मनोरा नको, यंत्रमानव नको. पण दोरात टेंडर निघत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. निघायला लागले तर दोर इतका जाड घेतील की तो धरता येणार नाही.

वाळूचे तर त्याहून सोपे आहे. किती ब्रास उपसली, दंड किती, रॉयल्टी किती, याचा हिशेब तहसीलला असतो, निदान असल्याचे म्हणतात. ब्रास काढल्यावर मागे खड्डा राहतो. ज्या नदीत आजोबा कमरेइतक्या पाण्यातून बैल घेऊन पार व्हायचे, तिथे नातू दोन पावले टाकतो आणि तिसऱ्या पावलाला तळ नसतो. ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ असे बातमीत येते. त्याला अंदाज होता हो. आजोबांनी सांगितलेला. तो अंदाज रात्रीतून जेसीबीने उचलून नेला. आकस्मिक मृत्यूची नोंद होते. आकस्मिक!

सगळ्यात लहान गिऱ्हाइकांकडे तर अजून वळलोच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये बुडण्याबद्दलचा पहिला जागतिक अहवाल काढला. २०२१ या एका वर्षात जगात तीन लाख माणसे बुडाली, आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचा. ही लेकरे पोहायला गेलेली नसतात. आई रानात, आजी भाकरी थापतेय, लेकरू रांगत हौदापाशी. त्यांना कुठला जीवरक्षक शिट्टी वाजवणार? जुहूला १२ जून २०२३ ला, चक्रीवादळाच्या दिवसांत, किनाऱ्यावर पहारा असताना चार मुले बुडाली. शिट्टी मोठ्या मुलांनासुद्धा ऐकू येत नाही.

यावर उपाय काढला बांगलादेशाने. तिकडच्या संशोधकांना दिसले की गावातली लहान मुले बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात, आई कामात असते तेव्हा. मग त्यांनी त्याच चार तासांसाठी गावात पाळणाघरे काढली, ‘आंचल’ नावाची. एक बाई, वीस-पंचवीस लेकरे, दार बंद. मोठ्या पोरांना गावच्या तळ्यात बांबूचा चौथरा बांधून पोहायला शिकवले. बुडणे झपाट्याने कमी झाले. पुढे याच बांगलादेशाने आयर्लंडला सोबत घेऊन संयुक्त राष्ट्रांत ठराव आणला, म्हणून २५ जुलै हा बुडणे रोखण्याचा जागतिक दिवस ठरला. आपल्याकडे तो साजरा होईल तेव्हा तलावाकाठी मंडप असेल, पाहुण्यांना बुके असेल आणि मंडपामागे पोरे पाण्यात असतील.

आपल्याकडे तर हे जीवरक्षक आधीच नेमलेले आहेत. गावोगाव, सरकारी मानधनावर, गुलाबी रजिस्टर घेऊन बसलेल्या. अंगणवाडीताई! फक्त त्यांना कुणी सांगितलेले नाही की त्या जीवरक्षक आहेत. त्यांना वजन, उंची, पोषण ट्रॅकरवर फोटो, निवडणुकीच्या याद्या, हे सगळे सांगितले आहे. आणि अंगणवाडीत बसायचा हक्क तीन वर्षे झाल्यावर. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या लेकराला घरपोच आहाराचे पाकीट मिळते. म्हणजे ज्या वयात लेकरू चालायला लागते आणि कुठेही जाते, नेमक्या त्या वयात सरकार त्याला खाऊ देते आणि घरीच ठेवते. अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायची ‘पाळणा’ नावाची केंद्राची योजना आहेही. आपल्या तालुक्यात ती किती गावांत पोचली, हे पंचायत समितीच्या पुढच्या बैठकीत विचारून बघा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असेल.

राहता राहिले पोहणे. आपल्या आधीच्या पिढ्या विहिरीत शिकल्या. कमरेला चऱ्हाट, पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा, आणि काठावर शिव्या देणारा काका. काकाने न सांगता ढकलले की अभ्यासक्रम पूर्ण. आता काका संभाजीनगरला असतो, विहिरीच्या जागी बोअर आहे, आणि बोअरमध्ये पोहता येत नाही. त्यात मराठवाड्याचे वेळापत्रक असे की शाळेला सुट्टी मे महिन्यात, तेव्हा विहिरीत पाणी नसते. पाणी येते ऑगस्टात, तेव्हा घटक चाचणी असते. असा सगळा मेळ बसून आपण एक अख्खी पिढी तयार केली आहे, जिला दहावीला ब्याण्णव टक्के आहेत आणि पाण्यात पंधरा सेकंद टिकता येत नाही. ही पोरे पुण्याला शिकायला जातात, दुसऱ्या वर्षी सहलीला कोकणात जातात. पुढचे वर सांगून झाले आहे.

तर मागणी एवढीच आहे. १ मे जवळ आला की महाराष्ट्र दिन येतो. १९९९ साली परभणीतून वेगळे निघून हिंगोली जिल्हा झाला तोही १ मेलाच. शाळा सुटून पोरे पाण्याकडे धावतात ती याच आठवड्यात. आणि ग्रामसभाही १ मेलाच असते. तेव्हा त्या सभेत एक ठराव घ्यावा: गावातल्या प्रत्येक विहिरीला आणि शेततळ्याला दोर, गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांची नावे आणि मोबाइल नंबर पंचायतीच्या भिंतीवर, त्यांचा विमा पंचायतीच्या खर्चाने, आणि नदीतल्या वाळूच्या खड्ड्यांची खोली मोजून तहसीलदाराला पत्र. समुद्र लागत नाही, शासन निर्णय लागत नाही.

विषयपत्रिका आम्ही चाळून पाहिली. मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, घरकुल लाभार्थी यादी, हायमास्ट दिवे, स्मशानभूमी शेड. आपला विषय शेवटच्या ओळीत बसेल: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ घरकुलाच्या यादीवरून भांडण पेटून सभा उधळली नाही, तर संध्याकाळपर्यंत नंबर लागावा. कोरमअभावी तहकूब झाली तरी काळजी नाही. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे तिथे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिपाई असे तिघे मिळूनही ठराव घेऊ शकतात. त्यांतल्या कुणाला पोहता येते का, तेवढे आधी विचारून ठेवा.